वजाबाकी

ब्रिन, डोळे मिटू नकोस.
फोनवरची बाई विचारतेय, कुत्र्याचं वजन किती?
मला काय ठाऊक! तुला छातीशी धरून
न्हाणीघरातल्या काट्यावर चढतो.
दोघे मिळून ब्याऐंशी.
तुला खाली ठेवून एकटा: एकाहत्तर.
म्हणजे तू अकरा.
म्हणजे मी एकाहत्तर.
पाव्ला होती तेव्हा ऐंशीच्या खाली कधी उतरलो नाही.
ही वजाबाकी कुणी विचारली नव्हती.

काळं चॉकलेट की दुधाचं? किती ग्रॅम? खाऊन किती वेळ झाला?
वेष्टन सापडलं खाटेखाली, दात उमटलेलं.
सत्तर टक्के. अर्ध्याहून जास्त वडी.
उरलेली नेझाच्या ताटलीत, शिवलेलीसुद्धा नाही.

काल रात्री ती ताटली मीच भरली,
संत मिक्लाउझच्या नावानं, खिडकीत:
सुकी अंजिरं, अक्रोड, मनुका, एक संत्रं, आणि ती वडी.
सकाळी नेझा सगळ्यांच्या आधी उठली
आणि तिनं पाहिलं, संत कुत्र्याला विसरला.
वर्षभर शहाण्यासारखा वागलेला कुत्रा!
एकदाच पोस्टमनला चावला, तेही बुटाला.
मग तिनंच न्याय केला. वडी मोडली.
सहा वर्षांच्या हातांनी मधोमध मोडत नाही काही;
मोठा तुकडा तुला दिला.

गुळानं मरतो त्याला विष कशाला, म्हणतात.
पण इथे मारायचं कुणाला होतं?

या इद्रिया गावाच्या पोटात पारा होता.
खाणीतल्या पहिल्या आठवड्यात
एक थेंब तळहातावर घेऊन मी खेळवला.
चांदीचं पिल्लूच ते, बोटांमधून निसटणारं.
मुकादम ओरडला नाही.
नुसते स्वतःचे हात पुढे धरले, थरथरणारे.
आता माझेही तसेच.
किल्ली गाडीत जाईना, तेव्हा झ्देन्का म्हणाली,
बाबा, सरका. मी चालवते.

घाटात बर्फ. नेझाच्या मांडीवर तुझं डोकं,
काळीज चिमणीसारखं, धपापणारं.
तिसऱ्या वळणावर ती हळूच म्हणाली,
आजोबा, मी मनुका पण दिल्या. सहा. की सात.
मनुका? मनुकांनी काय होतंय, म्हणणार होतो,
आरशात लेकीचा चेहरा पाहिला आणि पुन्हा फोन लावला.
बाई क्षणभर गप्प.
मग म्हणाली, बरं केलंत सांगितलंत. थांबू नका कुठे.

डॉक्टर ताडेयानं सुई टोचली.
पाच मिनिटं काहीच नाही.
मग तू ओकलास, सगळा सण ओकलास:
काळा चिखल, चंदेरी कागदाचा कपटा,
आणि फुगलेल्या मनुका. आम्ही वाकून मोजल्या.
सात.
मग कोळशाची पूड कालवून पाजली,
तुझं तोंड काळंकुट्ट.
पार्केलसारखा दिसतोय, नेझा म्हणाली, संताबरोबरचा तो सैतान,
आणि मग रडायला लागली.

रात्रभर राहू दे इथे, डॉक्टर म्हणाली.
रक्त तपासू, उद्याही, परवाही.

परतताना घाटात नेझानं विचारलं,
आजीच्या वेळी ब्रिनला काय मिळायचं?
त्याला मिळायचं काहीतरी. मला आठवतंय, वाटीत, नारिंगी.

गाजर.
उकडलेलं गाजर, पाव्ला ठेवायची, दर वर्षी, खिडकीखाली.
पोरगी तिघांतून एकटीच विसरली नव्हती.
कुत्र्याला विसरलेला तो संत
पुढच्या सीटवर बसला होता, पट्टा लावून.

घरी आल्यावर पोतित्सा कपाटावर चढवली,
तिच्यातही मनुका. द्राक्षं, कांदे, अक्रोड,
बिनसाखरेच्या गोळ्यांचा डबा, सगळं वर.
मग रिकाम्या घरात काट्यावर उभा राहिलो.
एकाहत्तर.
सुई जराशी हलत होती,
ती काट्याची की माझी, कळलं नाही.

गाजरं उकडत ठेवली, चार.
एक उभ्याउभ्याच खाल्लं.
मीठ घालायचं नसतं म्हणे त्यांच्यात.